पुरं बोलू द्या

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साचतात तसे आमच्याकडं किस्से साचले. चिंध्या रहीमचाचा रोज झाडून काढायचे. किस्से कोण झाडणार?

जवळा बाजार या आमच्या गावात चाचांचं टेलरिंगचं दुकान. दहाला पेपर आला की आम्ही तिघं हजर. शेतकरी बापूराव, पोस्टातून रिटायर झालेले पाईकराव साहेब आणि मी, शाळामास्तर, मीही रिटायरच. मतं तिघांची तीन. भांडायलाच जमायचो म्हणा ना!

*

आरक्षणावरून एकदा जोरात जुंपली. बापूराव म्हणाले, "साहेब, माझं पोरगं बीएड करून घरी बसलं. त्याचं काय चुकलं?"

"काहीच न्हाई," पाईकराव म्हणाले. "माझ्या बापाला हॉटेलात कप वेगळा ठेवत होते. त्याचं काय चुकलं?"

चाचांची मशीन थांबली. बापूरावांना राहवलं नाही. ते उठले आणि समोरच्या टपरीकडं बघून ओरडले, "एकच चहा आण! साहेब आन मी एका कपात पिणार!"

पाईकरावांनी चष्मा पुसला. "मला शुगर हाय, बापूराव. तुमी मुद्द्यावर या!"

*

इलेक्शनमध्ये एक कार्यकर्ता दुकानावर पोस्टर लावायला आला. चाचा म्हणाले, "लावा, पण समोरच्या पार्टीचं बी घेऊन या."

"काहून, चाचा?"

"एकच लावलं तर हे तिघं भांडतील कशावर? माझं दुकान सुनं पडंल!"

*

नव्या हायवेत बापूरावांची जमीन जाणार होती. मी मात्र हायवे व्हावा या मताचा. ग्रामसभेत उभं राहून तसं बोलायला लागलो, तर लोकांनी मला खाली बसवायला आरडाओरड केली. एकानं माईकच ओढला. मी घाबरलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मागून बापूराव उठले. "माईक द्या त्यांना! मास्तर साफ चुकीचं बोलून राहिले, पण पुरं बोलू द्या!"

मी पुरं बोललो. मग त्यांनी माझा एकेक मुद्दा खोडून काढला आणि घरी जाताना मला गाडीवर मागं बसवून नेलं.

*

मग गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. दुकानात येणं कमी झालं. बापूरावही मोबाईलवरच भांडायला लागले.

एके दिवशी मी आरक्षणावरचा एक लांबलचक मेसेज पुढं ढकलला. शेवटच्या ओळीत पाईकरावांच्या समाजाला घाण शिवी होती. दहा मिनिटांत पाईकराव ग्रुपमधून बाहेर पडले. ते दुकानातही येईनात.

बापूराव मला म्हणाले, "ह्या फोनात माणूस गेला हे कळते. काहून गेला ते काही लिहून येत न्हाई."

मला ते कळलं होतं. पाईकरावांचं घर माझ्या घरापासून चार गल्ल्या. जाऊन माफी मागायची, एवढंच काम! आज जाऊ, उद्या जाऊ करत पावसाळा गेला. बाजारात समोर आले की मी दुकानांच्या पाट्या वाचत पुढं जायचो.

*

दिवाळीनंतर एकदाचा गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "साहेब पुण्याला लेकाकडं गेले. आता तिकडंच राहणार."

तसाच दुकानात आलो. चाचा काज करत होते. म्हणाले, "परवा आले होते ना साहेब. बापूरावबी होते. दोन घंटे भांडले दोघं. लई दिवसांनी दुकान भरल्यासारखं वाटलं."

मी घाबरत विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले?"

"बोलले की. म्हणले, मास्तरनं पाठवलेला मेसेज मी पुरा वाचला. शिवी सोडा, पण त्यातला तिसरा मुद्दा बोलण्यासारखा होता. मास्तर इथं येऊन बोलले असते तर मी जवाब दिला असता."

मी बाकावर टेकलो आणि विचारलं, "चाचा, तिसरा मुद्दा कोणता होता?"

चाचांनी सुई थांबवली आणि माझ्याकडं बघितलं.

"तुमीच पाठवला होता ना?"