बेलच्या बटणातला दिवा

आमच्या बेलच्या बटणात एक बारीक लाल दिवा होता. जिन्यात दिवसाही अंधार असतो, म्हणून मीच तो निवडला होता. आई दिवसभर एकटी असते, म्हणून गेल्या महिन्यात ती बेल मी घरातल्या स्मार्ट यंत्रणेला जोडली. तेव्हापासून दिवसातून कितीदा तरी घरात बेल वाजायची आणि ऑफिसात माझा फोन थरथरायचा: ‘दारात कोणीतरी आहे.’ जिन्यातल्या कॅमेऱ्यात पाहावं, तर कोणीच नाही. फक्त आई दार उघडून उभी.

“आई, आधी ‘कोण’ म्हणून विचार तरी!”

“दारात आलेल्या माणसाची बाहेरच उलटतपासणी करू होय रे?”

त्या दिव्यातून वाहणाऱ्या जराशा विजेलाच यंत्रणा बटण दाबणारा माणूस समजते, असं इलेक्ट्रिशियनने सांगितलं. एवढ्याशा विजेचा माणूस होतो! वीस खोट्या बेलांत एखादी खरी असली आणि आईने न विचारताच भलत्याला दार उघडलं तर? मी दिवा काढायला लावला.

फोन गप्प झाला. आज दुपारी सहज कॅमेरा पाहिला, तर दार सताड उघडं. आई कुठेच दिसेना. घाबरून फोन लावला, दार उघडं का म्हणून विचारलं.

“अरे, अंधारात बटण दिसत नाही कुणाला,” ती म्हणाली. “म्हणून दार उघडंच ठेवते हल्ली.”

हल्ली म्हणजे कधीपासून, हे विचारायचा मला धीर झाला नाही.