माझा नसलेला उपास

"ये गं, तू पण जेवायला बस आमच्याबरोबर," आलेल्या बायांतली एक पाहुणी म्हणाली. मी पदराला हात पुसले. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "हिला नको. हिचा फास्ट आहे आज."

आणि मी खुळी, खूश झाले.

पडेगावच्या नव्या कॉलनीत या मॅडमकडं मी पोळ्या लाटायला जायचे. आम्ही धनगर. दुष्काळात चारा सरला, मेंढरं विकली, शहर धरलं. नवरा चितेगावच्या एका कंपनीत लागला. तिथला सुपरवायझर दिवसभर "फास्ट, फास्ट" वरडतो, हे त्यानंच सांगितलेलं. मला तेवढाच अर्थ ठाऊक. वाटलं, मॅडम माझ्या हाताची तारीफ करतायत.

लाटणं अजून जोरात चालवलं. गरम पोळ्या घेऊन पळत बाहेर गेले. पोटात नुसता सकाळचा चहा. "जेवण इथंच कर," असं मॅडमच म्हणल्या होत्या, म्हणून भाकर आणली नव्हती.

"पळू नको गं," पाहुणी म्हणाली. "उपासाची चक्कर येईल."

"उपास? कुणाचा?"

"तुझाच की. फास्ट म्हणजे उपास."

"मला वाटलं, काम फास्ट..."

सगळ्या बाया हसल्या. मॅडम सगळ्यात मोठ्यानं.

"मग केळं तरी द्या तिला," पाहुणी म्हणाली.

"पाणीसुद्धा चालत नाही," मॅडम म्हणाल्या. "यांचे उपास लई कडक असतात."

यांचे.

आणि मीपण हसले. माझ्याच भुकेवर, त्यांच्यासंगं. त्या हसण्याची लाज अजून अंगावरून उतरली नाय. आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. कान तापलेले. बोलले तर काम जाईल. नाय बोलले तर?

बाहेर आले.

"माझा उपास नाय. मला भूक लागलीय. मॅडम, तुम्हीच जेव म्हणल्या होत्या."

कुणी हसलं नाय. पाहुणीनं खाली बघत खुर्ची सरकवली. मी बसले. सगळ्या माझ्या घासाकडं बघत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी पोटभर जेवले.

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

"बरं," म्हणलं.

आता नव्या घरी पहिल्याच दिवशी विचारते, जेवायचं कधी आन् बसायचं कुठं. शब्द कळला नाय तर तिथंच अर्थ विचारते. लाज वाटते. वाटू दे. पण माझ्या पोटाबद्दल माझ्यादेखत दुसऱ्या कुणाला बोलू देणार नाय.