देवाच्या कलमाचे आंबे

पेंढ्याचा वास आला की तो पाडवा आठवतो. ओटीवर सासूबाई, मी, धाकटी जाऊ आणि तिचं दुभंगल्या ओठाचं तान्हं बाळ. पेंढा घालून आंब्याच्या पेट्या भरता भरता सासूबाई म्हणाल्या, “यंदा देवाच्या कलमाचे आंबेही विकू. बाळाचं ऑपरेशन लगेच होईल.” जाऊ रडायलाच लागली. माझा मात्र जळफळाट झाला. माझी लेक तसाच ओठ घेऊन जन्मली, तेव्हा “देवाचं ते देवाचं” म्हणून देवाला वाहायचे ते आंबे विकायला सासूबाईंनीच नकार दिला होता. तिचं ऑपरेशन झालं ते शाळेत चिडवून घेतल्यावर. मी विचारलं, “आता देव बदलला काय हो?” “देव तोच गो, मी बदलल्ये,” त्या म्हणाल्या. आज पुतण्याच्या ओठावर रेघही दिसत नाही. लेक फोटोत अजून तोंडावर हात धरते. जावेला ‘बरं झालं’ म्हणायचं अजून राहिलंय.