न सापडणारा रफू

तिला घरीदारी सगळे सुई म्हणत. अंगाने काडी आणि बापाच्या धंद्याला शोभणारं नाव, म्हणून चिकटलं ते चिकटलंच. बाप रफूगार. बाजारपेठेत एका जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे एक पाट, एक दिवा आणि बसायला जागा नाही म्हणून उभंच राहिलेलं गिऱ्हाईक. कोटाचं भोक बुजवून झालं की बाबा कोट गिऱ्हाइकाच्या हातात देत आणि म्हणत, ‘‘शोधा. सापडला तर फुकट.’’ तीस वर्षांत फुकट कुणालाही मिळालं नव्हतं, आणि ही गोष्ट ते पाहुण्यारावळ्यांना दर वेळी नव्याने सांगत.

तर अशी ही सुई शिष्यवृत्ती मिळवून परदेशातल्या एका जुन्या शहरात गेली, जुनी वस्त्रं जतन करायचं शिक्षण घ्यायला. शहर असं, की नुसतं बघायला जगभरातून माणसं येतात. दगडी रस्ते, दगडी पूल, चौकातल्या घड्याळाखाली सकाळपासून ही झुंबड. त्या झुंबडीत हिला ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली की समोर भिंत, आणि भिंत चारशे वर्षांची असली तरी ती भिंतच. घरमालकीणबाई तळमजल्यावर राहायच्या. त्यांनी पहिल्या दिवशी किल्ली दिली, कचरा कुठे टाकायचा ते दाखवलं आणि दार लावून घेतलं. सुईने बॅग उघडली, पण कपडे कपाटात लावले नाहीत. लावले की आपण इथल्याच झालो असं होईल, म्हणून रोज बॅगेतूनच काढून घालायची.

दिवसभरात कुणाशी संबंध येई तो चौकात. बघायला आलेली कुटुंबं तिच्या हातात फोन देत आणि खुणेने म्हणत, आमचा एक फोटो काढ. आईबाप, मुलं, आजोबा, सगळे घड्याळाखाली चिकटून उभे. सुई फोटो काढी. दोन आठवड्यांत तिने तीसेक परक्या कुटुंबांचे फोटो काढले. तुझा काढू का, असं एकानेही विचारलं नाही.

वर्गात अकरा जण. सगळे एकमेकांशी भराभर बोलत. सहा महिने घोकलेली भाषा इथे आल्यावर कुठे गडप झाली कोण जाणे. बाई शिकवत, त्यातलं अर्धं समजे, उरलेल्या अर्ध्याला सुई मान डोलवी. शेजारणीला विचारायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची.

दुपारच्या सुट्टीत, बाबा तिकडे दुकान आवरत असताना, ती संस्थेच्या अंगणातल्या पायरीवर बसून फोन करायची.

‘‘कसं चाललंय, सुईबाई?’’

‘‘मस्त. मैत्रिणी झाल्यात दोन.’’

बाप खूश व्हावा म्हणून मारलेली थाप. पण थापेची निगा राखावी लागते. बाबा रोज चौकशी करत, म्हणून एका मैत्रिणीला सर्दी झाली, मग खोकला झाला, मग तिला सुईने काढा करून पाजला. नसलेल्या मैत्रिणीचं इतकं दुखणं काढलं बिचारीने, आणि स्वतः मात्र संध्याकाळी खिडकीशी उभ्या उभ्या जेवायची. जेवायला बसली की समोरची खुर्ची रिकामी दिसायची.

तिसऱ्या आठवड्यात परीक्षेचं काम आलं. प्रत्येकाला एका जुन्या पडद्याचा फाटका तुकडा मिळाला. ज्याचं काम पसंत पडेल तो वर्षभर कार्यशाळेत बसणार, बाकीचे ग्रंथालयात पुस्तकं वाचणार. पुस्तकं वाचायला सुई समुद्र ओलांडून आली नव्हती. हातातलं काम हीच एक गोष्ट तिला इथे ओळखीची होती. ती गेली, तर या शहरात तिचं असं काहीच उरत नव्हतं.

तिने बाबांसारखंच केलं. पडद्याच्या कडेची दुमड हळूच उघडली, आतल्या लपलेल्या भागातून त्याच कापडाचे धागे ओढून काढले आणि एक उभा, एक आडवा असे घालत भोक भरलं. चार दिवस मान वर केली नाही. काम संपलं तेव्हा तिलाही फाटलेली जागा पटकन सापडेना.

बाईंनी भिंग लावलं. कापड उलटंपालटं केलं. सुई मनात म्हणत होती, शोधा, शोधा. बाईंनी भिंग खाली ठेवलं. चेहरा उतरलेला.

‘‘कुठे केलंस?’’

सुईने हसत बोट ठेवलं.

‘‘धागा कुठून घेतलास?’’

तिने कड दाखवली. वर्गात कुणीतरी श्वास आत ओढला.

बाई हळू, सुटं सुटं बोलल्या, तिला समजावं म्हणून. ‘‘पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जुन्या वस्त्राचा धागा काढायचा नाही. आणि आपला टाका जवळून बघणाऱ्याला दिसला पाहिजे. जुनं किती आणि नवं किती, हे लपवायचं नाही. तू ऐकलं नाहीस?’’

ऐकलं होतं. मान डोलवली होती.

‘‘सोमवारपर्यंत वेळ देते. होतं तसं करून आण. नाहीतर ग्रंथालय.’’

आता स्वतःचाच रफू शोधायचा होता, आणि तो सापडू नये असाच तर तिने केला होता. जागा माहीत होती, पण कुठला धागा मूळचा आणि कुठला घातलेला, हे भिंगातूनही दिसेना. शेवटी तिने डोळे मिटले आणि बोट फिरवलं. जिथे वीण किंचित घट्ट लागली तिथे चिमटा लावला. धागा धागा सोडवला आणि ज्या कडेतून काढला होता तिथेच परत विणला. तीन दिवस लागले. पाठीचा काटा ढिला झाला.

सोमवारी बाईंनी बराच वेळ बघितलं. भोक पहिल्यासारखं भोक होतं, कड पहिल्यासारखी कड. ‘‘कुणी शिकवलं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘बाबांनी. दुकानात.’’

‘‘उद्यापासून कार्यशाळेत ये. वेगळ्या रंगाचा दोरा देईन,’’ बाई म्हणाल्या आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. आनंदाची बातमी होती, आणि वळून सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

दुपारी तिने फोन लावला आणि यावेळी कामाचं सगळं खरं सांगितलं. तुमच्यासारखं केलं आणि तेच चुकलं, हेसुद्धा.

बाबांनी विचारलं, ‘‘काढलेले धागे परत घातलेस?’’

‘‘जिथले तिथे.’’

‘‘एखादा तुटला?’’

‘‘एकही नाही.’’

‘‘हे मला जमलं नसतं गं. मी आयुष्यात घातलेला टाका कधी काढला नाही.’’ आणि जरा थांबून, ‘‘बरं, ती तुझी सर्दीवाली खूश झाली असेल.’’

सुईने फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

‘‘नाहीये ना ती?’’

‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘पहिल्याच आठवड्यात. अगं, घरापासून इतक्या लांब गेलेलं माणूस कुठेच दुखत नाही, खुपत नाही म्हणतं, असं होतं का? मी तीस वर्षं भोकं बुजवतोय. इतकं सपाट काही दिसलं की मी आधी खाली काय फाटलंय ते बघतो.’’

अंगणात वर्गातली मुलं डबे उघडून बसली होती. सगळ्यांच्या देखत सुईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

‘‘बाबा, मला इथे कुणी नाही,’’ ती म्हणाली.

‘‘हां. आता सांग. मी बसलोय.’’

मग ती पायरीवर टेकली आणि कपाटात न लावलेल्या कपड्यांपासून सांगायला लागली.