नाव, आडनाव आणि सासऱ्यांचा आवाज

आमचं आडनाव इथे लिहीत नाही, कारण सासरचे वाचतील. एवढंच सांगते की ते पाच अक्षरी आहे, मध्ये दोन जोडाक्षरं आहेत आणि मोठ्याने उच्चारलं की जिन्यावरून लोखंडी ट्रंक गडगडत खाली गेल्यासारखं वाटतं. लग्नानंतर माझ्या दोन अक्षरी नाजूक नावापुढे ते लागलं, तेव्हा बँकेतल्या बाईंनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. एवढं सामान एकटीने आणलं का, असं.

म्हणून मुलगी झाली तेव्हा मी ठरवलं, हिचं नाव आडनावाला शोभेल असंच ठेवायचं. ठरवलं आणि तिथेच अडकले. मुलगी पालथी पडायला लागली तरी बिननावाचीच. सासूबाई तिला ठकी म्हणायच्या, नवरा 'साहेब' म्हणायचा. मी नाव ठेवायला म्हणून बसायचे आणि नुसती नावं ठेवत राहायचे. हे फार गोड, ते फार जड, त्याला शाळेत चिडवतील, याला म्हातारपणी हसतील.

"अगं, नाव ठेवायचंय, घर नाही बांधायचंय," नवरा म्हणाला.

"घर विकता तरी येतं," मी म्हणाले.

या वेडात मला साथ दिली ती फक्त सासऱ्यांनी. त्यांची उभी नोकरी बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. काचेची केबिन, कुरकुरणारा पंखा आणि टेबलावर माइक. आत त्यांच्याकडे कोणी बघत नव्हतं, तरी बोलण्याआधी शर्टाचं वरचं बटण लावायचे. लोक त्यांना मागून 'भोंगा' म्हणत. ते त्यांना माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडायचंही. घरी आले तरी तो आवाज काही उतरायचा नाही. सासूबाई सांगतात, "लग्नानंतर माझ्याशी पहिलं वाक्य काय बोलले? 'कृपया थोडं पुढे सरकावे.' सरकले बाई. अजून सरकतेच आहे."

स्टँडवर नवा माणूस घोषणेला बसला की त्याची परीक्षा घ्यायची पद्धत होती. एकाने अगदी टोकाच्या फलाटावर उभं राहायचं आणि शब्द स्वच्छ आला तर हात वर करायचा, नाहीतर आडवा हलवायचा. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, तीच पद्धत नावांना लावली. संध्याकाळी ते वरचं बटण लावून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहायचे, एक तळवा कानामागे धरून नाव-आडनावाची खणखणीत हाक द्यायचे. मी ठकीला खांद्यावर घेऊन खाली फाटकापाशी. माझा हात रोज आडवाच हलायचा.

एकदा मात्र त्यांच्या जिभेने जुनी वाट धरली. नाव झालं, आडनाव झालं, आणि पुढे आपोआप निघालं, "...ही मुलगी जिथे असेल तिथून तिने चौकशीच्या खिडकीपाशी यावे. तिचे पालक तिची वाट पाहत आहेत."

तळमजल्यावरचे शिंपीकाका गळ्यात टेप तशीच ठेवून धावत बाहेर आले. "कोण हरवलं? अंगात कपडे काय होते?" इस्त्रीवाला तोवर कोपऱ्यापर्यंत बघून आला. आणि माझा स्वभाव बघा, मुलगी माझ्या खांद्यावर लाळ गाळत असताना मीही क्षणभर घाबरून इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी," शिंपीकाका धापा टाकत म्हणाले, "आता ठेवा हो एखादं. गिऱ्हाइकाची बाही उलटी बेतली मी."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांची हाक मध्येच फाटली. आम्हाला वाटलं, ओरडून घसा बसला. मला अपराधी वाटून मी गरम पाण्याचे पेले भरत राहिले. पण डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे. काढली की जिवाला धोका नाही, आवाज मात्र कितपत राहील ते सांगता येत नाही. आणि ऑपरेशनपर्यंत अगदी कमी बोलायचं.

घरी येऊन बाबांनी मला जवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "आता रोज रोज नाही जमायचं. एकच हाक शिल्लक ठेवतो. तू ठरव आणि सांग. माझ्या आवाजात तिला एकदा बोलावलं की झालं."

कोणीही शहाणी बाई त्याच संध्याकाळी नाव सांगून मोकळी झाली असती. माझ्याकडे दोन उरली होती, एक नदीचं आणि एक ताऱ्याचं. एकच हाक म्हटल्यावर तर मी आणखीच अडकले. वरणाला फोडणी देताना, नव्हे, दात घासतानाही मी पुटपुटत होते. नदीचं नाव आडनावाला धडकत होतं, ताऱ्याचं आडनावाखाली चिरडलं जात होतं. नवरा म्हणाला, "छापा-काटा करू." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही. बाबा मात्र नुसते माझ्याकडे बघायचे आणि मान डोलवायचे, सावकाश होऊ दे म्हणून.

सावकाश होता होता ऑपरेशनची सकाळ उजाडली. वॉर्डात बाबा हिरव्या झग्यात पलंगावर बसलेले. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. "चला आजोबा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताऱ्याचं," मी म्हणाले. "नाही, थांबा. नदीचं. नदीचंच."

"नक्की?" सासूबाई दात आवळून म्हणाल्या.

"नक्की. म्हणजे—"

त्या 'म्हणजे'साठी बाबा थांबले नाहीत. झग्याला वरचं बटण नव्हतं, तरी हात तिथे गेला. मग तळवा कानामागे धरून त्यांनी हाक मारली. नाव, आडनाव, सगळं. भिंती दुमदुमल्या. पलीकडच्या पलंगावरचा पेशंट उठून बसला. "कुठली गाडी लागली?" नर्स धावत आली. नवऱ्याच्या कडेवरची ठकी दचकली, आजोबांकडे बघत राहिली आणि भोकाड पसरून रडली.

"पोचली हाक," बाबा म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत बसले.

आणि मला स्वच्छ ऐकू आलं होतं की शोभत नाही. नावाचं शेवटचं अक्षर आडनावाच्या पहिल्या अक्षरावर असं आपटलं, जशी अरुंद दारात दोन माणसं एकदम घुसावीत. मी तोंड उघडलंच होतं. सासूबाईंनी माझ्या पायावर पाय दिला, अगदी पूर्ण वजनाने.

बाबा सुखरूप आहेत. आवाज तेवढा गेला. आता जे येतं ती कागद सरकवावा तशी कुजबुज. त्या कुजबुजीत आडनाव बसत नाही, म्हणून ते नुसतं नावच म्हणतात, आणि मुलगी रांगत त्यांच्या पायाशी जाते. मी हाका मारून घसा कोरडा केला तरी माझ्याकडे बघत नाही.

आणि मी? मी अजूनही कपडे वाळत घालताना दुसरं नाव आडनावाला लावून बघते. खोटं कशाला बोलू, ताऱ्याचं जरा बरं बसलं असतं असं वाटतं. पण खात्री नाही. आता ते गॅलरीतून म्हणून दाखवणारं कोणी नाही.