माझ्या कानांनी केलेली टेप

कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. मी बराच वेळ बटण दाबलंच नाही. मला वाटलं, यंत्र अजून सुरू व्हायचं आहे. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "काम काय करता?" मी म्हटलं, "डीजे आहे." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ गेली होती आणि मग विहिरीत पडावी तशी खाली. "जाड आवाज तुम्हाला नीट येतात," ते म्हणाले. "बारीक, तीक्ष्ण आवाज गेलेत. ते परत येणार नाहीत."

हे मी फक्त बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "टीव्हीवरून मला कळलंच होतं. पण बाहेर बोलू नका. लग्नं तोंडावर आलीत."

मला तेच हवं होतं. पनवेलमध्ये हिप-हॉप हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता, तेव्हापासून मी मिक्सटेप करतोय. शेजारचा एकजण जहाजावर होता. त्याने आणलेल्या कॅसेटींमधले तुकडे जोडून मी नव्या कॅसेटी भरायचो आणि त्या कॉलेजच्या पोरांत फिरायच्या. पुढे सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. पोट मात्र भरलं ते हळदीच्या ऑर्डरींवर. उरणपर्यंतच्या गावांत बँजोच्या तालाखाली रॅपचा बीट सरकवून मी माणसं नाचवली. स्पीकरला पाठ लावून उभा राहायचो आणि कानात कापूस घालणाऱ्यांना हसायचो.

डॉक्टरांकडून आल्यावर मी डोळ्यांनी काम करायला लागलो. स्क्रीनवरचे मीटर बघायचे, नाचणाऱ्यांचे पाय बघायचे. हळदीत ते खपून जायचं.

पण त्या मुलीची टेप हळदीची नव्हती. कोन गावाच्या पलीकडची मुलगी, आपल्याच बोलीत रॅप करणारी. घरची जमीन रस्त्यात गेली, त्यावर तिची गाणी होती आणि त्यांत रडगाणं कुठेच नव्हतं, भांडण होतं. नवी मुंबईत एक कार्यक्रम व्हायचा होता. त्यात एका नव्या कलाकाराला संधी होती आणि टेप आयोजकांकडे ठरलेल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोचायला हवी होती. ही जागा तिला मिळावी असं मला मनापासून वाटत होतं. तरी टेप मी एकट्यानेच पक्की केली, दुसऱ्या कुणाला ऐकवली नाही.

त्या दिवशी दुपारी ती भावाला घेऊन आली. भाऊ म्हणाला, "गारीत वाजवून बगू. खरं काय ते गारीतच कलतं." आम्ही तळ्याच्या कडेला गाडी लावली, काचा वर केल्या. मी मागे बसलो होतो. टेपमधलं पहिलं गाणं सुरू झालं. मला ते भरदार वाटलं. मग आरशात भावाचे डोळे दिसले. ते बारीक झाले होते. मुलीचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातून खाली आला. माझा मान राखायला.

"काय वाटतंय?" मी विचारलं.

"मस्त हाय काका," ती म्हणाली.

भावाने गाणं बंद केलं. "मस्त काय? कानात सुया टोचतान. बाय, तुजा आवाज असा कवा झाला?"

"गप रे."

"घरी तर बरा असतो. आई तर बोलते, लाउडस्पीकरची गरज नाय."

ती हसली नाही. मागे वळून मला म्हणाली, "काका, खरं सांगा. माजा आवाजच चिरका हाय ना?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "माइकचा दोष असेल."

"माइक तोच हाय. मी परत गाते. हलू गाते."

आम्ही माझ्या खोलीवर आलो. भाऊ बाहेर थांबला. गादी लावलेल्या भिंतीसमोर ती उभी राहिली आणि घरात कुणी आजारी झोपलेलं असावं तशी गायला लागली. तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. जमिनीचा जाब विचारणाऱ्या ओळी ती विनवण्या केल्यासारख्या म्हणत होती. प्रत्येक ओळीनंतर माझ्याकडे बघत होती, बरोबर आहे ना, म्हणून.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. "आवाजात काही नाही," मी म्हटलं. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ते ऐकू यावेत म्हणून मी ट्रेबल वाढवत गेलो. सगळ्या गाण्यांत."

ती हेडफोन हातात धरून उभी राहिली. "कदीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"म्हंजे माजं पयलं गानं पन तुमी असंच केलंत?"

मी मान हलवली. या टेपच्या आधी केलेलं तिचं ते पहिलं गाणं इंटरनेटवर माझ्या नावाच्या शिक्क्यासह होतं. खाली लोकांनी लिहिलं होतं, बाईचा आवाज की करवत. त्यानंतर ती कितीतरी महिने गायली नव्हती. मी तिला फोन करून धीर दिला होता, लोकांना समज नाही म्हणून.

"तुमाला कल्लं नाय त्या टायमाला, का कलून गप बसलात?"

"शंका आली होती," मी म्हटलं. हेच खरं होतं.

 तिने मला खुर्चीवरून उठायला लावलं आणि ती स्वतः बसली. कुठलं बटण फिरवायचं ते मी दाखवत गेलो, किती ते तिने ठरवलं. ट्रेबल उतरत गेला तशी गाणी एकेक करून मऊ होत गेली. मला ती घोंगडीखाली गुदमरल्यासारखी वाटत होती. दोनदा मी म्हटलं, "फार झालं." दोन्ही वेळा ती म्हणाली, "नाय झालं." उजेड जाण्याआधी टेप गेली. माझ्या कानांना ती शेवटपर्यंत चुकीचीच वाटली.

निघताना मी म्हटलं, "ते पहिलं गाणं मी काढून टाकतो."

"काडू नका. खाली लिवा, चूक कोनाची ती."

"ते सगळे वाचतील गं. ऑर्डरी देणारे सुद्धा."

"माज्यावरचं पन सगल्यांनीच वाचलं, काका."

ती दारात उभी राहिली. मी फोन काढला. खूप वेळ लागला, कारण मी पुन्हा पुन्हा कारणं लिहीत होतो आणि खोडत होतो. शेवटी लिहिलं की या गाण्यातला कर्कशपणा माझा आहे, मला नीट ऐकू येत नाही आणि हे मी लपवलं. खाली माझं नाव आधीपासूनच होतं. तिला दाखवलं. तिने वाचलं आणि ती गेली.

जेवायला बसलो तेव्हा उरणकडच्या एका पार्टीचा फोन आला. त्यांच्या मुलाची हळद माझ्याकडे होती. बायको माझ्याकडे बघत राहिली.

"शेट, पोरांनी कायतरी दाखवलं आता," मुलाचा बाप म्हणाला. "खरं हाय काय?"

"खरं आहे," मी म्हटलं.