सरपणातलं घर

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिनेच बांधलेल्या आमच्या पडवीत चहा पीत बसलो होतो. बारामतीच्या शाळेपासूनची माझी मैत्रीण. पुढे आर्किटेक्ट झाली आणि भवानीनगरजवळच्या वस्तीवरचं आमचं घर तिने बांधलं. आजार माहीत होता, तरी... कप कुठे ठेवला तेही आठवत नाही. आता महिना उलटून गेला. दुःख आहेच, पण राहून राहून मनात येतात ते तिचे उपकार, म्हणून लिहायला बसलो.

शिकून ती बारामतीला परत आली आणि इथले नवे बंगले बघून चिडू लागली. सागवान लांबचं, फरशी लांबची, नकाशा कुठल्या तरी मासिकातला, मग त्याला इथलं घर कशाला म्हणायचं, हे तिचं कायमचं भांडण. तिने हात घातला तो बाभळीला आणि कडुलिंबाला. बाभळीचं लाकूड लांब, सरळ मिळत नाही. म्हणून तिच्या घरांच्या खोल्या लहान आणि पडव्या लांबलचक, जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या. वाकडा खांब तासून सरळ करायचा नाही, त्याचा बाक अंगणाकडे फिरवून उभा करायचा. दारं आणि फडताळं लिंबाची. पुढेपुढे वडगाव निंबाळकरपासून इंदापूरपर्यंत रस्त्यावरून जाता जाता लोक ओळखायला लागले, हे शैलाताईंचं घर.

आमच्या घरी मात्र आबा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर उखडले होते. बाभूळ जाळायची वस्तू, फार तर औताची. उसाच्या बागायतदाराने ती घराला लावली तर भावकी हसेल, असं त्यांचं म्हणणं. शैलाने वाद घातला नाही. लाकडाला कीड लागू नये म्हणून तिने बांधावरच्या बाभळीचे ओंडके आमच्या शेततळ्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवले. पाणी काळं पडलं, वास सुटला, आणि आबा त्याचा राग रोज जेवताना काढू लागले. त्यातल्याच एका ओंडक्यावर आबांच्या बैलाच्या दाव्याने पडलेली खाच होती. ती तिने रंध्याखाली जाऊ दिली नाही. तो खांब तसाच पडवीत मधोमध उभा केला. आबा त्याच खांबाला टेकून बसू लागले. पण पाहुणा आला की ठरलेलं वाक्य, "आमी सरपणात ऱ्हातो." शैला समोर असली तर आणखी मोठ्याने म्हणायचे. ती हसून चहा मागायची. एकदा मात्र जाताना मला म्हणाली, "सगळ्या तालुक्याला पटलं रे, तुझ्या आबांना काही पटलं नाही." हसतच म्हणाली, पण मला ते लागलं.

तिच्या अंत्यविधीला आबा हट्टाने आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून लाकूड उतरत होतं, सगळी बाभूळच. आबा काठी टेकत पुढे गेले आणि एका लांब ओंडक्यावर हात ठेवून थांबले.

"ह्यो जाळायचा न्हाय. ह्याचा खांब हुतोय."

स्मशानात आलेलं लाकूड घरी नेत नाहीत, असं कुणीतरी हळूच म्हणालं. आबांनी ओंडक्यावरचा हात काढला नाही. मग म्हणाले, "पोरीनं जलमभर काय केलं मग? जाळाय निघालेलं लाकूडच घरात आणलं का न्हाय?"

शैलाच्या भावाने डोळे पुसले आणि त्या ओंडक्याचं दुसरं टोक स्वतः उचललं.

तिने मला राहायला घर दिलं, त्याबद्दल मी तिचे आभार कधी मानले नाहीत. मित्रांत कोण मानतं? आबांनी मानले, त्यांच्या रीतीने. फक्त तिच्या कानावर ते गेले नाहीत.

तो ओंडका सध्या आमच्या शेततळ्यात आहे. आबा रोज सकाळी काठावर जाऊन बांबूने तो पाण्याखाली दाबून येतात. पाणी पुन्हा काळं पडलंय, तोच वास घरभर येतो. जेवताना आबा काही बोलत नाहीत.